३० जूनला रिटायर होतोय. पैशाचा हिशेब लागला, पावणेदहाचा लागत नाही

हजेरीपत्रक:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या, शिक्षक आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं झाली. गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. जन्मतारीख १ जुलै. खरी कोणती ते आईलाही सांगता येत नव्हतं. "पऱ्हाटी टोबली त्या हप्त्यातला तू", म्हणजे कपाशी लावली त्या आठवड्यातला, एवढंच म्हणायची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जुलै लावून टाकली, वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी पाठवतात, म्हणून ३० जून.

१९९२ ला लागलो, म्हणजे जुनी पेन्शन. बेसिक ८० हजारांच्या आसपास, तेव्हा पेन्शन ४० हजार आणि वर महागाई भत्ता. ग्रॅच्युइटी २० लाखांच्या मर्यादेला टेकते. पेन्शन विकली, म्हणजे तिचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतला, तर सोळा-एक लाख. म्हणजे छत्तीस. भविष्य निर्वाह निधी मुलीच्या लग्नात आणि घराच्या पायव्यात आधीच गेला. गंमत अशी की ही बेरीज मला जमायच्या आधी गावाला जमली. कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसलो, पोरानं मानेला कपडा बांधता बांधता विचारलं, "सर, छत्तीस ना?"

या छत्तीसला वाटेकरी असे. मुलगा पुण्यात नोकरीला. तो म्हणतो, बाबा, अमरावतीत प्लॉट घेऊन ठेवू, जमिनीचा भाव कधी खाली येत नाही. धाकटा भाऊ आमचं सामायिक ९ एकर कोरडवाहू बघतो. त्याच्या डोक्यात बोअर, ठिबक आणि संत्र्याची ५०० झाडं. घरचीला १८ वर्षं राहून गेलेला स्लॅब हवा आहे, आणि खरं सांगतो, तिचीच मागणी सगळ्यांत न्याय्य आहे. मेहुण्याकडे 'महिन्याला तीन टक्के' देणारी कुठलीशी स्कीम आहे. ती ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो.

मागच्या वर्षी एक काम केलं. शाळेतलं जुनं कोरं हजेरीपत्रक घरी होतं. त्यात मुलांच्या नावांच्या जागी किराणा, दूध, सिलिंडर, पेट्रोल, बीपीची गोळी असं लिहिलं. वर १ ते ३१ छापलेलेच होते. वर्षभर भरलं. पत्रिका या रकान्यानं मला गार केलं. एप्रिल-मे मिळून ३१ लग्नं. आहेर आणि जाणं-येणं धरून २३ हजार ४००. औषधपाणी वर्षाचं त्याच्याहून कमी निघालं. माणूस दवाखान्यापायी बुडतो म्हणतात, आमच्याकडे मांडवापायी बुडेल.

असो. पैशाचं तुम्ही सांगालच. माझी खरी अडचण निराळी आहे. चौतीस वर्षं पावणेदहाला गाडीला किक मारली. १ जुलैला पावणेदहाला मी काय करू? हसू नका, खरंच विचारतोय.

वाटसरू:
वाचतोय. वडील पुढच्या वर्षी रिटायर होणार आहेत.

धुऱ्यावरून:
सर, रामराम. तुमी रिटायर होऊन राह्यले, आनंद वाटला. पन कास्तकाराले कोन रिटायर करते ते सांगा. ना ३० जून, ना शाल, ना नारळ.

माहा बाप ८२ चा हाय. अजूनई चहा झाला की काठी टेकत वावरात जाते. धुऱ्यावर बसते अन् पऱ्हाटीचे तास, म्हंजे ओळी, मोजते. कोन्या तासात गवत राह्यलं ते संध्याकाळी जेवताना सांगते. म्या म्हनलं, बाबा आता घरी बसा. तं म्हने, "घरी बसून काय गोट्या खेळू?"

येथवर ठीक हाय. पन सातबारा, फेरफार, सोसायटीचं पासबुक, सारं युरियाच्या थैलीत गुंडाळून पेटीत, अन् पेटीची चाबी त्याच्या करदोड्याले. मी ५६ वर्षांचा हो सर. नातू झाला मले. मिरग लागला का बियान्याच्या पैशासाठी म्या त्याच्यापुढे उभं राहाव लागते. तो करदोडा सोडते, चाबी काढते, मंग इचारते, "मागच्या साली किती थैल्या लागल्या होत्या?" मले मालूम असते, त्याले बी मालूम असते. तरी इचारतेच.

तवा तुमी पैशाचं काय करान ते करा, फक्त तुमच्या पोराले ५६ व्या वर्षी असं उभं राहाव लागू नये एवढं पाहा.

खतावणी:
हजेरीपत्रक सर, मी लेखा विभागातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आधी रुक्ष भाग उरकतो.

पेन्शन विकणं म्हणजे नेमकं काय ते कागदावर मांडा. ४० हजारांच्या ४० टक्के, म्हणजे महिना १६ हजार तुम्ही विकता. तुमच्या वयाला कोष्टकातला गुणक ८.३७१. १६ हजार गुणिले १२ गुणिले ८.३७१, झाले १६ लाख ७ हजार. आता हेच १६ हजार तुमच्या पेन्शनीतून १५ वर्षं कापले जातील. एकूण २८ लाख ८० हजार. व्याजाच्या भाषेत हे साधारण पावणेनऊ टक्क्यांचं कर्ज झालं. म्हणून 'विकून पोस्टात टाकू, व्याज खाऊ' हा हिशेब बसत नाही, कारण ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ मिळतात. वरून त्या व्याजावर कर.

मग लोक विकतात कशाला? एक, महागाई भत्ता विकलेला भाग धरून पूर्ण ४० हजारांवरच मिळत राहतो. दोन, विक्रीच्या रकमेवर कर नाही. तीन, आणि हे कोणी तोंडाने बोलत नाही, माणूस १५ वर्षांच्या आत गेला तर उरलेले हप्ते माफ. कुटुंब निवृत्तिवेतनातून ते कापत नाहीत. जगात दुसरं कुठलं कर्ज असं नसेल. मी स्वतः विकली होती, मुलीच्या शिक्षणासाठी. गरज नसती तर विकली नसती.

तुमच्या बाबतीत घराच्या स्लॅबपुरती विका. ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे, तेवढीच विकली पाहिजे असं नाही. १५ टक्केही विकता येते. हे कार्यालयात कोणी सांगत नाही, अर्जावर ४० आधीच लिहून ठेवलेलं असतं.

आणि सहा महिने आधीपासून सेवापुस्तक हातात घेऊन बसा. प्रत्येक वेतन आयोगाच्या निश्चितीवर पडताळणीचा शिक्का आहे का, नावात 'राव' आणि 'जी'चा घोळ आहे का, ना-देय प्रमाणपत्र कोणाकोणाचं लागतं. ३० जूनवाल्यांनी १ जुलैच्या काल्पनिक वेतनवाढीचं (पगारात मिळत नाही, पेन्शन ठरवताना धरतात) तर नक्कीच विचारावं. एक सही राहिली म्हणून सहा-आठ महिने पहिल्या पेन्शनीची वाट पाहणारे लोक मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत.

नोव्हेंबर_०५:
सर, तुमचा धागा वाचून पोटात दुखलं, राग मानू नका. मी २००८ ला लागलो. १ नोव्हेंबर २००५ ची रेघ माहीत आहेच सगळ्यांना, तिथून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आमच्या शाळेत एकाच टेबलाला बसणारे दोन शिक्षक आहेत. एक रेघेच्या अलीकडचे, एक पलीकडचे. पगार जवळपास सारखा, खडू सारखा, म्हातारपण वेगळं. १४ मार्च २०२३ पासून सात दिवस संपावर होतो तेव्हा अलीकडचे सरही आमच्यासोबत मंडपात बसले होते, ते मी विसरणार नाही.

नव्या पेन्शनमध्ये पगाराचे आमचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जमतात. शेवटी जमलेल्यातल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन, घ्यावीच लागते, आणि तिचा दर सहा-सात टक्क्यांच्या आसपास. ती वाढत नाही. ती न वाढणंच मला रात्री झोपू देत नाही. ७२ ला महागाईच्या दराने भागायचं, तेवढ्या वर्षांत खर्च दुप्पट. सहा टक्के धरा, बारा वर्षं. म्हणजे ५८ ला २० हजारात चालणारं घर ७० ला ४० हजार मागणार आणि ८२ ला ८० हजार. ८२ म्हणजे धुऱ्यावरून भाऊंच्या वडिलांचं वय. ते तास मोजतात, मी काय मोजू?

म्हणून मी जरा वेगळं करतो. पीपीएफ आहेच, त्याशिवाय महिना सहा हजार इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वर-खाली होणाऱ्या फंडात. २०२० च्या मार्चमध्ये खातं अर्ध्याच्या जवळ आलं होतं, बायकोला दाखवलंच नाही. सर, तुमची पेन्शन महागाईबरोबर चालते, तुम्हाला असल्या भानगडीत पडायची गरज नाही. मला आहे.

संपादक:
जुनी विरुद्ध नवी पेन्शन यावरचे राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे मूळ विषयावर लिहावे.

सिस्टरबाई:
मी ३१ वर्षं उपकेंद्रावर नर्स होते. पुरुष मंडळी बोलताहेत तर एका बाईचं ऐका.

आमचे हे माझ्याआधी चार वर्षं रिटायर झाले. त्यांचं पावणेदहाचं दुखणं मी पाहिलंय. सकाळपासून चार वेळा चहा. माझ्या फडताळातले डबे उघडून 'यात काय, त्यात काय' विचारायचे. हळद कुठं ठेवावी यावर मला सूचना. मी ड्यूटीवरून येऊन भाकरी टाकायची आणि ते म्हणायचे, आज दिवस जाता जाईना. म्हटलं, माझा तुम्ही घ्या, जाईल लवकर. तेव्हा गुरुजी, पावणेदहाला काहीही करा, पण स्वयंपाकघरात बसू नका.

आता पैशाचं. हे सहा वर्षांपूर्वी अचानक गेले. बँकेचं खातं एकट्याच्या नावावर. वारस म्हणून नाव त्यांच्या आईचं, ज्या जाऊन अकरा वर्षं झाली होती. नोकरीला लागताना लिहिलं ते तसंच राहिलं. मी शेकडो बाळंतपणं केली, रात्री बैलगाडीत केली, पण त्या खात्यातले पैसे काढायला मला चौदा महिने लागले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दोघांचा एकत्र फोटो लागतो, आमच्याकडे तो एका लग्नातला होता, मागे केळीचे खांब.

आणि पाच लाख पतसंस्थेत. बँकेपेक्षा दीड टक्का जास्त म्हणून. संचालक ओळखीचे, रोज रामराम घालणारे. एक दिवस शटर बंद. आजवर तीन हप्त्यांत मिळून ४० हजार आले. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला तो नाही. हे मला शटरसमोर उभं असताना एका कॉलेजातल्या पोरानं सांगितलं.

वाटसरू:
बाप रे. ताई, आज घरी जाऊन पहिलं काम वारसाचं नाव बघणं.

पुण्यातला_वऱ्हाडी:
सर, तुमच्या मुलाच्या बाजूनेही कोणी बोलावं म्हणून लिहितो. मीही पुण्यात, आयटीत. मीही बाबांना प्लॉटच घ्या म्हणालो होतो. लोभ नव्हता. आमच्या नोकरीचा भरवसा नाही, इकडचे हप्ते वीस वर्षांचे, आणि मनात कुठंतरी वाटत राहतं की तिकडे काहीतरी आपलं असावं. ते 'काहीतरी' बापाच्या पैशानं घ्यायचं नसतं हे मला तेव्हा कळलं नाही.

बाबांना इथे या म्हणतो. येतात, चौथ्या दिवशी बॅग भरतात. म्हणतात, तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून दिसते काय, तर दुसऱ्याचा तिसरा मजला.

धुऱ्यावरून:
भाऊ, तुमी निदान कबूल तं केलं.

तहसीलच्या_पायरीवर:
मी अर्जनवीस. तहसील कार्यालयाच्या पायरीजवळ माझं टेबल आहे, २७ वर्षं. धुऱ्यावरून भाऊंनी मांडलेला प्रश्न रोज माझ्या टेबलावर येतो, दोन्ही बाजूंनी. बाप जमीन सोडत नाही म्हणून पोरगा येतो. आणि बापानं सोडली म्हणून बाप येतो.

बक्षीसपत्र करणं सोपं आहे. घर किंवा शेतजमीन मुला-मुलीला, नवरा-बायकोला, नातवाला द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वरचे आकार वेगळे. सोपं आहे म्हणूनच सांगतो, थांबा. बक्षीसपत्राच्या दिवशी बाप पोराच्या गाडीवर मागं बसून येतो. काही वर्षांनी तोच माणूस एसटीनं एकटा येतो, आणि मला विचारतो, "ते परत घेता येते का?"

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, 'मला सांभाळशील' या अटीवर दिलेली मालमत्ता, न सांभाळल्यास रद्द करून मागता येते. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. निर्वाहाची रक्कम महिना १० हजारांपर्यंत मिळू शकते. पण अट दस्तात लिहिलेली असली तर काम सोपं होतं. लोक लाजेखातर लिहीत नाहीत. 'पोरावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.' मी म्हणतो, अविश्वास माझ्या नावावर टाका, अर्जनवीसानं लिहायला लावलं म्हणा.

मृत्युपत्र त्याहून बरं. जिवंतपणी सगळं आपल्या हातात, मन बदललं तर कागद बदलता येतो. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या, पुढची भांडणं निम्मी होतात. वडिलोपार्जित जमिनीत मात्र आपल्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. आणि बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. साडीचोळी देऊन हक्कसोड घ्यायचे दिवस हळूहळू चालले.

धुऱ्यावरून:
अर्जनवीस साहेब, तुमचं सारं पटलं. पन मृत्युपत्र केल्यानं चाबी करदोड्यालेच राह्यते ना. माह्या बापानं मृत्युपत्र केलं असन बी, मले काय मालूम, पेटीतच असन. मले जमीन नावावर नाई पायजे. मले फक्त कोनतं बियानं टोबाचं ते इचारल्याबिना ठरवता आलं पायजे. त्याचा काही कागद निघते का तुमच्या टेबलावर?

तहसीलच्या_पायरीवर:
नाही निघत, भाऊ.

नोव्हेंबर_०५:
इथे थोडा वेळ शांतता पाळू या.

खतावणी:
धुऱ्यावरून भाऊ, थोडं तुमच्या घराचं. वडील ७० च्या वर आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं का? उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचे उपचार. आणि तुमचा मुलगा ४० च्या आत असेल तर अटल पेन्शनची चौकशी करा. वय ३० ला महिना ५७७ भरले तर ६० नंतर ५ हजार. किसान मानधन योजनेत हप्ता फार कमी, ५५ ते २०० रुपये, आणि ६० नंतर ३ हजार. पण नोव्हेंबर_०५ यांचं ७२ चं गणित लावा. तीस वर्षांनंतरचे ३ हजार म्हणजे आजचे पाचशे-साडेपाचशे. नको असं म्हणत नाही, त्यावर विसंबू नका एवढंच.

सर, तुमची ग्रॅच्युइटी आली की तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. साठीच्या आत असलात तरी नियत वयानं निवृत्त झालेल्याला चालतं. ३० लाखांची मर्यादा आहे, तुम्ही २० टाका. तिमाहीला ४१ हजार येतील. ते पत्रिकांसाठी नाहीत. आरोग्य विमा मात्र आजच घ्या, रिटायर होऊन नको. आधीपासूनच्या दुखण्याला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. ती तीन वर्षं जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी.

आणि पावणेदहाचं मला विचाराल तर पहिले सहा महिने मला काही सुचलं नव्हतं. मी चक्क ट्रेझरीसमोरच्या कॅन्टीनला जाऊन बसायचो. एक दिवस तिथल्या पोरानं विचारलं, "साहेब, तुमचं काम अजून झालं नाही का?"

सिस्टरबाई:
खतावणी भाऊ, हसावं की रडावं!

अवांतर: महिलांना आता एसटी अर्ध्या तिकिटात, आणि ७५ झाले की सगळ्यांनाच फुकट. आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या दर गुरुवारी शेगावला जातात. रिटायरमेंटचा असा बेत मी कोणत्याच पुस्तकात वाचला नाही. सकाळी निघतात, दर्शन, पिठलं-भाकर, संध्याकाळी घरी. सुनाही खूश.

वाटसरू:
वाचनखूण साठवली.

हजेरीपत्रक:
धागा वर काढतोय. काल पोळा झाला. रिटायर होऊन दोन महिने उलटून गेले.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, घरचीला साडी, आणि तीन भिंतीवरची घड्याळं. वेळच उरला नाही म्हणून घरी पाठवायचं आणि वर तीन घड्याळं द्यायची, ही कोणाची युक्ती ते कळलं नाही. एक देवघराच्या भिंतीला लावलं. दोन येत्या लग्नांत आहेर म्हणून फिरतील.

पैशाचं सांगतो. पेन्शन १५ टक्केच विकली. अर्जावर ४० छापल्यासारखं लिहिलं होतं, खतावणी काकांनी सांगितलं नसतं तर सही करून मोकळा झालो असतो. बाबूनं दोनदा विचारलं, "सर, नक्की?" स्लॅब पाऊस उघडला की टाकायचा. मुलाला फोनवर प्लॉटचं नाही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बरं झालं. मलाच हप्त्याची भीती होती." इतके दिवस मीच घाबरत होतो. भावाचं मात्र अवघड गेलं. बोअरला पैसे दिले, संत्र्याला नाही. पण त्याच वेळी सांगितलं की वावरात काय पेरायचं, कधी विकायचं, कापूस सीसीआयला (सरकारी खरेदीला) की व्यापाऱ्याला, हे आजपासून तू ठरव, मला सांगायचंही कारण नाही. धुऱ्यावरून भाऊ, हे तुमचं वाचूनच सुचलं. त्यानं लगेच तीन एकरांत मका टाकला. मला अजिबात पटलं नाही. बोललो नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, पण बोललो नाही.

पेन्शन अजून सुरू नाही. सेवापुस्तकात १९९६ ची एक नोंद शाईनं पुसट झाली आहे म्हणे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला होता, त्यावर चाललं आहे. बँकेत, पोस्टात, सगळीकडे घरचीचं नाव घातलं. सिस्टरबाई, फोटोही नवा काढला. ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा स्टुडिओत आणलं, तेही पेन्शनीसाठी."

आणि पावणेदहा. १ जुलैला सवयीनं गाडी काढली. फाट्यापर्यंत गेलो, पेट्रोल टाकलं, परत आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पंपावरचा मुलगा काही बोलला नाही, पण हसला. ऑगस्टमध्ये शेजारचे आजोबा मोबाईल घेऊन दारात उभे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद, करायची आहे, पोरगा सुरतला, ॲप उघडत नाही. त्यांच्यासोबत वावरात गेलो. गट क्रमांक टाकला, पीक सोयाबीन, क्षेत्र टाकलं, फोटो काढायला शेतातच उभं राहावं लागतं. आजोबा फोटोत आले पाहिजेत असा त्यांचा हट्ट. ॲपला त्यांची गरज नव्हती, तरी दुसरा एक फोटो काढला, टोपी नीट करून. दुसऱ्या दिवशी चार जण आले. नंतर रोजच. कालपर्यंत ६३ शेतकऱ्यांची नोंद झाली. त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी किंवा त्यांचे बाप. रकाना भरताना अजून माझ्याकडे वहीत चूक झाल्यासारखे बघतात.

सकाळी नऊलाच निघावं लागतं, उन्हाच्या आत. हे पण हजेरीपत्रकात लिहितोय. नावाच्या जागी गट नंबर.

सिस्टरबाई:
गुरुजी, फोटोबद्दल वहिनींना सांगा, माझ्याकडून शाबासकी.

खतावणी:
१९९६ च्या नोंदीची साक्षांकित प्रत पगारपत्रकावरून काढता येते. त्या वर्षीची देयकं तालुक्याला असतील. व्यनि (खासगी निरोप) करा, अर्जाचा मसुदा देतो.

नोव्हेंबर_०५:
मका कसा आहे सर?

हजेरीपत्रक:
नोव्हेंबर_०५, मका छातीएवढा आला आहे. बघायला गेलो नव्हतो, रस्त्यावरून दिसतो.

धुऱ्यावरून:
सर, तुमचं वाचलं. म्या बापाले वाचून दाखवलं, मक्याचं तेवढं दोनदा वाच म्हने. चाबी नाई देल्ली. पन युरियाची थैली फाटली होती, तवा नवी थैली आनाले मले पेटीपाशी बसू देल्लं. मृत्युपत्र हाय आतमंदी. पाहेलं नाई म्या, बाहेरूनच दिसलं.

आमची ई-पीक पाहनी राह्यली हाय, तारीख जवळ आली. रइवारी या. आमच्या वावरात नेटवर्क नाई, बांधावरच्या बाभळीखाली उभं राहाव लागते. बाप तेथंच बसला असते, त्याले इचारा कोनत्या कोपऱ्यात येते, त्याले बराबर मालूम हाय.